पोराची अमेरिकन गाडी

मुलानं ती जुनी अमेरिकन स्पोर्ट्स कार पुण्यात नोकरीला असताना हौसेनं घेतली होती. लाल, दोन दारांची, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी, स्टिअरिंग डाव्या हाताला. कॅनडाला जाताना तो ती बोरगाव मेघेच्या आमच्या घरी अंगणात लावून गेला. दोन-तीन वर्षांत परत येतो, तोवर अधूनमधून चालू करत जा म्हणाला. मी निवृत्त मास्तर. दर रविवारी गाडी चालू करायचो आणि थोडा वेळ आत बसून राहायचो. रस्त्यावर काढायची हिंमत कधी झाली नाही.

जाण्याआधी त्यानं आम्हा दोघा नवरा-बायकोला तिच्यातून गिरडच्या टेकडीवरच्या दर्ग्याला नेलं होतं. टेकडीच्या वाटेवर गाडी खालून खरडली की त्याचाच जीव कळवळायचा. हिला मागच्या सीटवरून काढताना आम्ही बापलेकांनी दोन हात धरून ओढलं. बाहेर आल्यावर ती कितीतरी वेळ हसत होती.

मागच्या दिवाळीत त्याचा फोन आला. "बाबा, विकून टाका गाडी. मले आता इकडंच राहा लागते असं दिसून राह्यलं."

मी बरं म्हणालो. हिला सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवून म्हणाली, "गाडी हाये म्हनून तं पोरगा येईन वाटे. आता काय्ले येईन?"

नागपूरहून एक शौकीन माणूस बघायला आला. मी त्याला गाडीचे दोषच सांगत सुटलो. पेट्रोल फार पिते, स्पीडब्रेकरवर घासते, सुटे भाग मिळत नाहीत. तो नको म्हणेल अशी आशा होती. पण इतकं खरं बोलणारा मालक भेटला म्हणून तो उलट खूश झाला, आणि सौदा तिथंच ठरला.

पुढच्या आठवड्यात गाडी ट्रकवर चढवून नेली. मुलानं व्हिडिओ मागितला होता, तो पाठवला. संध्याकाळी त्याचा फोन आला. गाडीबद्दल तो काही बोलला नाही. आईच्या गुडघ्यांचं विचारलं, तिकडच्या थंडीचं सांगितलं. 'विकायची नाही, तू ये' एवढं मी दिवाळीतच म्हणायला हवं होतं, असं आता वाटत राहतं. त्यानं ऐकलं असतं की नाही, कोण जाणे.

अंगण मोकळं झालं म्हणून शेजारी तिथं त्यांची गाडी लावू का विचारत होते. हिनं नाही म्हणून सांगितलं.