दारातला उजेड आणि पौनीकर काकाजी

श्री. नामदेवराव पौनीकर यांची आणि माझी पहिली भेट सहा वर्षांपूर्वी त्यांच्या गांधीबागेतील कापडाच्या दुकानाच्या माडीवर झाली. दुकान आता त्यांचे चिरंजीव पाहतात. रविवारी ते बंद असते आणि सकाळी आठ वाजता माडीवर हौशी छायाचित्रकारांचा वर्ग भरतो. वर्गाला फी नाही. तिथे सगळे त्यांना काकाजी म्हणतात, म्हणून यापुढे मीही तसेच लिहिते.

मी नवा कॅमेरा, लॅपटॉप आणि तलावाकाठी काढलेली दोनशे छायाचित्रे घेऊन गेले होते. काकाजींनी लॅपटॉप उघडू दिला नाही.

"छापून आण. तीनच आण."

"कोणती तीन?"

"तेच तं शिकाचं आहे, इंजिनियर बाई."

पुढच्या रविवारी मी तीन प्रिंट नेल्या. त्यांनी कॅमेरा कोणता ते विचारले नाही. आजवर विचारलेले नाही. त्यांचे प्रश्न दोन होते: किती वाजता काढला, आणि काढण्याआधी किती वेळ उभी होती. दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर "लगेच काढला" असे होते. त्यांनी तिन्ही प्रिंट परत दिल्या आणि महिनाभर त्याच जागी, त्याच वेळी जायला सांगितले. चौथ्या आठवड्यात मला त्या जागेचा उजेड कळू लागला.

त्यांची शिकवण अशीच आहे. बटण दाबण्याआधी चौकटीचे चारही कोपरे नजरेने फिरून यायचे, कापडाचे काठ तपासतात तसे. काढलेले छायाचित्र जागेवर पुसायचे नाही. आठ दिवसांनी पाहिले की आपलेच मत बदललेले असते. ज्याचे छायाचित्र काढले त्याला पंधरा दिवसांच्या आत प्रिंट नेऊन द्यायची. हा शेवटचा नियम ते स्वतः काटेकोरपणे पाळतात, आणि पुढे जे घडले ते या नियमामुळेच घडले.

पण आधी त्यांच्या रंगाच्या नजरेविषयी लिहायला हवे. ती एकदा जवळजवळ गेली होती, आणि तिच्यासोबत हा वर्गही.

चाळीस वर्षे त्यांनी गिऱ्हाइकाला तागा ट्यूबलाइटखाली पसंत करू दिला नाही. "दारात या, मग ठरवा," असे म्हणून ते स्वतः तागा उचलून उजेडात नेत. छायाचित्रणातही ते हेच करतात. त्यांच्या खिशात करड्या अस्तराचा एक तुकडा असतो. पहिले छायाचित्र त्या तुकड्याचे घ्यायचे आणि त्यावरून कॅमेऱ्याचे रंग नजरेने जुळवायचे. पांढरा कपडा का नको, असे मी विचारले होते. "नीळ दिलेला पांढरा निळा असते, कोरा पिवळा असते. पांढरा पांढरा कुठं असते वं?"

बुटीबोरीच्या ज्या कारखान्यात मी नोकरी करते तिथे मोजमापाची उपकरणे तपासणे हे माझे काम आहे. तो तुकडा मी एकदा मागून घेतला आणि प्रयोगशाळेत मोजला. बाजारात मिळणाऱ्या करड्या कार्डाइतकाच तो तटस्थ निघाला. त्यांनी तो अस्तराच्या ढिगातून नुसत्या डोळ्यांनी निवडला होता. दुसऱ्या दिवसापासून मी माझे कार्ड वापरणे बंद केले.

सुमारे तीन वर्षांपूर्वी काकाजींच्या प्रिंट निळसर होऊ लागल्या. फरक फार हळूहळू पडत होता. वर्गाने त्याला काकाजींची नवी शैली मानले. दोघा-तिघांनी तर आपल्याही छायाचित्रांत निळा वाढवायला सुरुवात केली आणि त्याबद्दल एकमेकांचे कौतुक केले. मी त्यांच्या छायाचित्रांतला करड्या तुकड्याचा रंग संगणकावर मोजून पाहिला. ती शैली नव्हती. वयोमानाने डोळ्याचे भिंग पिवळे पडले की जग पिवळट दिसते, आणि माणूस ते बरोबर करायला निळा वाढवतो. निळेपणाचे कारण मला समजले होते. मी चार महिने कुणालाही काही सांगितले नाही.

मग काकाजी आणि मी कळमन्याच्या फळबाजारात सुमनबाईंना प्रिंट द्यायला गेलो. सुमनबाई संत्र्यांची प्रतवारी करतात. ढिगाशेजारी बसलेले त्यांचे छायाचित्र काकाजींनी दहा दिवसांपूर्वी काढले होते. सुमनबाईंनी प्रिंट हातात घेतली आणि शेजारणीला दाखवली.

"काकाजी, हे संत्रे तं आजारी दिसून राहिले! अन् मी काहून अशी निळी पडली? मेली का काय मी?"

"भूत दिसून राहिली तू," शेजारीण म्हणाली. दोघी खूप हसल्या.

काकाजी हसले नाहीत. सवयीप्रमाणे ते प्रिंट घेऊन शेडच्या बाहेर उजेडात गेले आणि बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले. त्यांना ती बरोबरच दिसत होती. मग त्यांनी मला बोलावले.

"तू सांग. बरोबर आहे का?"

"नाही, काकाजी. निळा जास्त आहे."

"कधीपासून?"

"दोन वर्षं. वाढत गेला आहे."

"तुले कधी समजलं?"

"चार महिने झाले."

"गिऱ्हाईक परत गेल्यावर सांगणारा माणूस मले दुकानात कधी चालला नाही," ते म्हणाले. सुमनबाईंना सांगून त्यांनी प्रिंट स्वतःकडेच ठेवली.

पुढचे पाच रविवार माडी बंद होती. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचे सांगितले होते, पण काकाजी शस्त्रक्रियेची तारीख घेत नव्हते. कॅमेरा कपाटात गेला होता. सहाव्या आठवड्यात त्यांच्या पत्नी सुशीलाकाकूंचा फोन आला.

"तू ये वं. म्हणतात, रंगच समजत नाही तं लोकायले काय शिकवू. माहं ऐकत नाहीत."

"ते माझ्यावर रागावले आहेत, काकू."

"म्हणूनच तं तुले बोलावून राहिली."

समजूत घालणे मला जमत नाही. मी दोन वर्षांतले करड्या तुकड्याचे आकडे एका कागदावर मांडून आलेख काढला आणि तो घेऊन गेले. निळा एका सरळ रेषेत वाढत होता. दुसऱ्या कागदावर त्याच छायाचित्रांतला उजेड-अंधाराचा तोल मांडला होता. तो जराही हललेला नव्हता. मी म्हटले, "जे उपकरण असं एका बाजूला सरकत जातं, ते आम्ही फेकत नाही. ते भरवशाचं असतं. त्याला फक्त पुन्हा जुळवून घ्यावं लागतं."

काकाजींनी कागद दारात नेऊन पाहिला. "म्हणजे मी तुह्यासाठी वजनकाटा झालो," ते म्हणाले. आतून काकू म्हणाल्या, "काटा तं होतेच, आता दुरुस्तीले पाठवा." त्याच आठवड्यात तारीख ठरली.

आधी उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. दोन शस्त्रक्रियांच्या मधल्या काळात काकाजींनी माडी उघडली. गेल्या दोन वर्षांतल्या आपल्या सगळ्या प्रिंट त्यांनी जमिनीवर मांडल्या आणि एकेक डोळा हाताने झाकून, कोणत्या डोळ्याला काय दिसते ते आम्हाला सांगत गेले. खिडकीच्या पडद्याकडे पाहून म्हणाले, "उजव्यानं धुतलेला पांढरा लठ्ठा, डाव्यानं कोरा पिवळा मांजरपाट. कापड एकच." निळ्या शैलीच्या चाहत्यांना त्यांनी नावे घेऊन विचारले, "काय गा, माहा मोतीबिंदू आवडला होता का तुमाले?" सगळे हसले. मग त्यांनी वर्गाला एक नवा नियम घालून दिला. प्रिंट पूर्ण झाली की ती वर्गाबाहेरच्या एखाद्या माणसाला दाखवायची, आणि तो काय म्हणतो ते वाद न घालता ऐकून घ्यायचे.

स्वतःची चूक शिष्यांसमोर मांडून तिचा धडा करणारा शिक्षक मी दुसरा पाहिलेला नाही. माझ्या चार महिन्यांच्या गप्प बसण्याचा त्यांनी त्या दिवशी उल्लेख केला नाही. पुढेही कधी केला नाही. हा त्यांचा मोठेपणा मी इथे नोंदवून ठेवते.

डाव्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर ते पहिल्यांदा बाहेर पडले ते कळमन्याला. सुमनबाईंनी नवी प्रिंट हातभर दूर धरून पाहिली. "आता माहा माल दिसते," त्या म्हणाल्या, आणि ती पदराने पुसून पिशवीत ठेवली.

या गौरवग्रंथासाठी काकाजींची छायाचित्रे निवडताना संपादकांनी निळसर छायाचित्रे दुरुस्त करून घेण्याचे सुचवले होते. काकाजींनी ते मानले, एका छायाचित्राचा अपवाद करून. समोरच्या पानावर कळमन्याची पहिली प्रिंट जशीच्या तशी छापली आहे. छपाईचा दोष समजू नये. कृपया पान दारात नेऊन पाहावे.

काकाजी या वर्षी पंचाहत्तर पूर्ण करत आहेत. त्यांना उत्तम आरोग्य लाभो, दोन्ही डोळे असेच लख्ख राहोत, आणि पुढची कितीतरी वर्षे दर रविवारी ते आपल्या तीन प्रिंट घेऊन माडीवर येत राहोत. माझ्याकडून एवढेच सांगते की त्यांत काही खटकले, तर मी त्याच रविवारी सांगेन.