बोअरमधली हडळ आणि पुण्याचे प्रकाशक

बीड जिल्ह्यातल्या सिरसाळ्याच्या नबीला एजंट पाहिजे होता. आता सिरसाळ्यात एजंट काय कमी आहेत? विम्याचा आहे, प्लॉटचा आहे, लायसन काढून देणारा तर चहाच्या टपरीवरच मुक्कामाला असतो. पण नबीला हवा होता भुताच्या कादंबरीचा एजंट. तसला माणूस अख्ख्या महाराष्ट्रात दिवा घेऊन शोधला तरी सापडेना.

नबीचा धंदा जळालेल्या पाणबुडी मोटारींत नवी तार भरून द्यायचा. मोटार टाकून गिऱ्हाईक घरी गेलं की त्याचा नंबर मागं पडतो, म्हणून शेतकरी दिवसभर दुकानातच पोत्यावर बसून राहतात. अशा जागेवरून न हलणाऱ्या लोकांना नबी स्वतः लिहिलेली कादंबरी वाचून दाखवायचा. तिच्यात बोअरमध्ये हडळ होती. ती मालकाला नावानं हाक मारायची, आणि ओ दिली की मालक गेलाच.

"सहा इंची बोअरात हडळ मावती कशी बे?" सुग्रीव नावाच्या कायमच्या गिऱ्हाइकानं एकदा विचारलं.

"भूत हाय ती. म्हैस हाय का मावायला?"

एवढी हुज्जत घालूनही त्या दिवशी बोअरात मोटार सोडायला सुग्रीवनं नबीलाच शेतावर नेलं. स्वतः लांब बांधावर उभा राहिला. नबीला इतका आनंद झाला की मजुरी मागायचीच राहिली.

एजंटचा नाद सोडून मग नबी थेट प्रकाशकांच्या मागं लागला. एकानं कळवलं, आम्ही भूतकथा छापत नाही. दुसरा म्हणाला, छापतो, पण खर्च तुमचा. तिसऱ्यानं काहीच कळवलं नाही, आणि नबीला तोच सगळ्यांत सभ्य वाटला. शेवटी पुण्याच्या एका वजनदार प्रकाशकांचा स्वतःहून फोन आला.

"भाषा सकस आहे तुमची. पण तुम्ही बीडचे ना? मग भूत कशाला? तुमच्या मातीतली व्यथा लिहा. मी छापतो."

बीडच्या माणसानं पुस्तकात यायचं तर सुकलेलं तोंड घेऊनच यायचं, असा पुण्यात काहीतरी नियम असावा. नबीला मात्र आपलं नाव छापलेलं बघायचं होतं. त्यापायी त्याचा जीव नुसता टांगणीला लागला होता. त्यानं हडळ बाजूला ठेवली आणि व्यथा लिहायला घेतली. नळाला पाणी नाही, आभाळात ढग नाही, नायकाच्या पायात चप्पल नाही. दुकानात वाचायला लागला तर सुग्रीव दुसऱ्याच पानावर उठला.

"कुठं चालला बे?"

"घरी. एवढं तं आमच्या घरी फुकट भेटतंय."

मोटार तशीच सोडून, नंबर घालवून सुग्रीव गेला. नबीला हे फार लागलं. तरी त्यानं नेटानं लिहीत आणलं, पण शेवटच्या प्रकरणात त्याला राहवलं नाही. हडळ बोअरमधून वर आली आणि नायकासकट सगळी व्यथा गिळून बसली. त्यानं ते तसंच पुण्याला पाठवून दिलं.

फोन आला तेव्हा बायको गौसिया दुकानात डबा घेऊन आली होती.

"नबीभाई, काय शेवट केलाय! हडळ म्हणजे दुष्काळाचं प्रतीक! व्वा! छापतोय आम्ही. तुम्हाला तेच म्हणायचंय ना? मागच्या कव्हरवर तसं टाकतो."

नबीनं फोन घट्ट धरला. फक्त हो म्हणायचा अवकाश होता. फोनमधला आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता, आणि समोर गौसिया जोरजोरात मान हलवून हो म्हणा, हो म्हणा असं खुणावत होती.

"न्हाई साहेब," नबी म्हणाला. "ती हडळच हाय."

 "अवघड आहे मग" असं म्हणून प्रकाशकांनी फोन ठेवला.

गौसियानं डबा आपटला. दुकानात गिऱ्हाइकं होती, म्हणून तिनं घरातली उर्दू सोडून मराठीतच त्याला फैलावर घेतलं. "एक हो म्हणायला काय जात होतं तुमचं? पुण्याहून कोण बघायला येणार होतं, हडळ हाय का दुष्काळ हाय ते?"

नबीच्या डोळ्यांत पाणी आलं. पुस्तक त्याला हवं होतं, जिवापाड हवं होतं, आणि ते आता गेलं होतं.

"आन् तिला काय वाटलं असतं?" तो म्हणाला.

कोणाला, असं गौसिया विचारणार होती. पण तिनं आपटलेला डबा उघडून त्याच्यापुढं सरकवला.