ज्वारीच्या दाण्याएवढं भोक

कोरीट गावी मामेभावाच्या वरातीत कुणीतरी हौसेने गावठी पिस्तूल उडवलं आणि गोळी नवरदेवाच्याच पोटात शिरली. भोक ज्वारीच्या दाण्याएवढं, रक्त थेंबभर. लग्नघरात हळद हाताशी होतीच, ती आम्ही जखमेत दाबली. "बारीक गोयी शे, काही व्हत नही," म्हणत वडीलधारे वरात पुढे न्यायला निघाले. मी मात्र रुग्णवाहिका बोलावली होती.

ती आली, चालक उतरला. किडकिडीत माणूस, खांद्यावर ओला पंचा. जखमेकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही, आधी बोटांनी पोट चाचपलं. ते फळीसारखं कडक झालं होतं.

"मोठी गोयी जास्ती मारस, खरं शे," तो शांतपणे म्हणाला. "पन धाकली बी पोटमा गई ते रगत आतमाच व्हास. भोक दखू नका. उचला."

बाशिंगासकट उचललं. गाडी नंदुरबारच्या दवाखान्याकडे निघाली. गतिरोधक आला की चालक स्वतःच श्वास रोखून धरायचा. डॉक्टर म्हणाले, अजून तासभर उशीर झाला असता तर नवरदेव गेला असता.

पंधरा दिवसांनी भाऊ घरी निघाला, तेव्हा चालक दवाखान्याच्या आवारात गाडी पुसत होता. भावाने सदरा वर केला. त्या दाण्याएवढ्या भोकापायी घातलेले लांबलचक टाके चालकाने वितीने मोजले आणि पहिल्यांदाच हसला. घरी सोडेल म्हणून आम्ही त्याच्या गाडीकडे वळलो, तर त्याने दार लावून घेतलं.

"हाई गाडी आजारीसनी शे. तू आते पायी जाय, नवरदेव."

भाऊ चालत फाटकाबाहेर पडला. मागून चालकाने एकदाच सायरन वाजवला, आणि आमची अडलेली वरात पुन्हा निघाली.