साडूंचा घोडेस्वार

आमच्या साडूंइतका स्वस्त वस्तूंवर जीव टाकणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात शोधून सापडायचा नाही. ते कंजूष आहेत असा याचा अर्थ नाही. आल्यागेल्याला ते पोट फुटेपर्यंत जेवू घालतात. पण त्यांना जुनी नाणी जमवायचा नाद आहे आणि त्या नादातही त्यांनी जी गोष्ट कुणालाच नको तीच उचललेली आहे. सोन्याच्या मोहरेकडे ते ढुंकून बघत नाहीत. चांदीचा राणीछाप रुपया कुणी कौतुकाने पुढे केला तर उलटासुलटा करून परत देतात आणि म्हणतात, "हे तर कालचं लेकरू हाय." त्यांचा जीव अडकतो तो पाच-सहाशे वर्षांपूर्वीच्या तांब्याच्या गोळ्यांत. कधी काळी तो पैसा होता, हे त्यांनी सांगेपर्यंत कळत नाही आणि सांगितल्यावर पटत नाही. अक्षरं जितकी झिजलेली तितके साडू खूश, कारण मग वाचायला जास्त दिवस पुरतं.

नोकरी होती जनावरांच्या दवाखान्यात. हुद्दा डॉक्टरचा नव्हता, पण शेळीचं पोट फुगल्यावर हुद्दा कोण विचारतो. गेवराई तालुक्यातल्या सगळ्या वाड्यावस्त्यांवर ते डाक्टरच. मेंढ्यांना लस टोचून झाली, हात धुतले, चहा आला, की यांचा ठरलेला प्रश्न असे, "घरात जुना पैसा हाय का एखादा?" पहिल्यांदा लोकांना वाटलं की ही सरकारी चौकशी आहे, तेव्हा सगळ्यांनी नाही म्हणून सांगितलं. पुढे डाक्टर गुप्तधनाच्या मागावर आहेत अशी आवई उठली आणि दोन-तीन ठिकाणी लोक यांच्याआधीच ओसाड जागा उकरून बसले. शेवटी हा माणूस नुसताच वेडा आहे अशी खात्री पटल्यावर नांगराला लागलेले पैसे आपण होऊन घरपोच येऊ लागले. साडू ते औषधं मोजायच्या काट्यावर तोलत. एका म्हशीला अर्धवट डोस गेला तो या तोलण्यापायीच, असं मेव्हणी म्हणते. साडू म्हणतात, तरी म्हैस जगली.

मेव्हणीचं आणि नाण्यांचं पहिल्यापासून जमलं नाही. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत घरातली तांब्या-पितळेची भांडी घासायला काढली, त्यात बिचारीने वाटीतली सगळी नाणीही चिंच-मीठ लावून लख्ख केली आणि उन्हात मांडून ठेवली. साडू घरी आले, बघितलं आणि खाली बसले. नाण्यावरचा हिरवा-काळा थर म्हणजे त्याचं वय, तो घासला की नाण्याची गेली सगळी रया, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. साडूंनी त्या दिवाळीला फराळाला हात लावला नाही. आवाजही चढवला नाही. फक्त शेजारणीने काय झालं म्हणून विचारल्यावर म्हणाले, "आमच्यात सुतक हाय."

या नाण्यांवरची अक्षरं बहुतेक फारसी लिपीतली. म्हणून साडूंनी बीडच्या उर्दू शाळेतल्या एका निवृत्त मास्तरांची शिकवणी लावली आणि पन्नाशीत अलिफ-बे गिरवलं. शिकले चांगलं, पण डोळ्यांना उजवीकडून डावीकडे जायची खोड लागली ती कायमची. एकदा गेवराईच्या स्टँडवर समोर लागलेली बीडची गाडी यांनी सोडून दिली. मेव्हणीने जाब विचारला तेव्हा म्हणाले, "पाटीवर डबी लिवलतं, म्हनलं ही कुठली गाडी आनि."

आणखी एक खोड म्हणजे नाण्याच्या बाबतीत त्यांना खोटं बोलता येत नाही. माझ्या पुतणीची सोयरीक ठरत होती. मुलाच्या आजोबांनी पेटीतून पिढीजात मोहर काढून सगळ्यांना दाखवली. सगळे मान हलवत होते. साडूंनी भिंग लावलं आणि म्हणाले, "पितळ हाय. जत्रेतलं." पुढे ते लग्न झालं, सुखाचं झालं, पण तो तासभर आम्ही सगळे ज्या चेहऱ्यांनी पोहे खात होतो ते आठवलं की अजून घशात पोहा अडकतो. नंतर मी रागावलो तर त्यांना रागाचं कारणच कळेना. "साडूभाऊ, खोटं कावून बोलायचं? नानं तर खरंच बोलतंय की," एवढंच म्हणाले.

आता त्यांच्या मुख्य वेडाकडे येतो. दिल्लीच्या एका सुलतानाचा दात आमच्या बीडजवळ पडला आणि त्याने त्या दातावर कबर बांधली, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. साडूंचं म्हणणं असं, की ज्याचा दात इथे पडला त्याच्या फौजेची चिल्लर पडली नसेल का? उत्तरेकडे जुन्या काळी एक नाणं चालायचं, एका बाजूला घोडेस्वार, दुसऱ्या बाजूला बसलेला बैल. तिकडे ते ढिगाने मिळतं, मोबाइलवरून मागवलं तर किलोभर मटणापेक्षा स्वस्त पडतं. पण साडूंना ते बीड जिल्ह्याच्या मातीतलं हवं होतं. असं एक तरी इथे निघालं की त्यांचं म्हणणं सिद्ध होणार होतं. त्यापायी त्यांनी तरुणपण घालवलं, नोकरी संपवली आणि निवृत्तीनंतर माझी मोटारसायकल कामाला लावली.

अशाच एका फेरीत आम्ही उमापूरच्या बाजूला एका धनगराच्या वस्तीवर गेलो. वस्तीचं नाव मी लिहिणार नाही. तिथल्या म्हातारीची मेंढरं साडूंनी एका साथीत वाचवली होती, म्हणून मान मोठा. चहा झाला. साडू प्रश्न विचारायच्या आतच म्हातारी उठली आणि देव्हाऱ्यातून भंडाऱ्याने माखलेलं काहीतरी तळहातावर घेऊन आली. "डाक्टर, माज्या सासूनं ह्यो खंडोबा दिला मला. जलमभर पुजला. आता ह्यो म्हनतो, ह्यो देव न्हाई, पैसा हाय. तवापासून दिवा लावताना मन खातंय बगा. तुमी म्हनाल ते खरं."

'ह्यो' म्हणजे तिचा थोरला मुलगा. गेवराईत त्याचं मोबाइलचं दुकान होतं आणि जुन्या नाण्यांचे व्हिडिओ तो बघत असे. मुलगा वाईट नव्हता. तो म्हणाला, "डाक्टर, पैसा निघाला तर तुमीच घेऊन जावा. आमाला काय करायचा? पन आयेला एकदा सांगून टाका."

साडूंनी बोटाने भंडारा अलगद बाजूला केला आणि भिंग लावलं. मी खांद्यावरून बघत होतो. भाला घेतलेला स्वार, घोडा. त्यांनी ते उलटं केलं. बसलेला बैल, त्याच्या पुठ्ठ्यावर त्रिशूळ. साडू ज्याच्यामागे जन्मभर फिरले तेच हे. म्हातारी त्यांच्या तोंडाकडे बघत होती आणि पदराचं टोक तिने मुठीत घट्ट धरलं होतं.

इथे एक सांगायला हवं. आम्ही दोघंही बौद्ध. आमच्या कुणाच्याच घरात देव्हारा नाही, आणि साडू तर या बाबतीत इतके कडक, की जत्रेचा नारळही घेत नाहीत. म्हणजे हा देव नाही असं सांगायला त्यांच्याजवळ एक सोडून दोन कारणं होती, एक धर्म आणि दुसरं ती खोटं न बोलण्याची खोड, आणि तिसरं तर हातातच होतं.

"घोडा हाय," साडू सावकाश म्हणाले. "वर स्वार हाय. हातात भाला हाय. मागं नंदी हाय, नंदीवर तिरसूळ हाय."

"ती अक्षरं कसली हायेत?" मुलाने विचारलं. बैलाच्या वर नागरी लिपीतली ओळ होती. पुढचा भाग झिजून गेला होता, राहिलं होतं फक्त शेपूट. त्या काळी राजेलोक आपल्या नावाच्या शेवटी जे लावत ते.

साडूंनी भिंग त्याच्या हातात दिलं. "वाच की तूच."

मुलाने डोळा बारीक केला. "दे... व," तो म्हणाला आणि भिंग परत दिलं. पण दुकानदार तो, एवढ्यावर सोडतोय कशाला. "म्हंजी पैसा न्हाई ह्यो? तुमी सांगा ना, डाक्टर."

"आरं बाबा," साडू म्हणाले, "इतकी वर्सं येतोय मी तुमच्यात. पैसा आसता तर मागितला नसता का?"

ते ऐकून मुलगा हसला, कारण हे खरंच होतं. म्हातारीने दोन्ही हातांनी आपला देव परत घेतला, कपाळाला लावला आणि आत गेली. आतून काडी ओढल्याचा आवाज आला.

 परतताना फाट्यावर चहाला थांबलो. त्यांची बोटं अजून पिवळी होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, मोबाइलवरून मागवू की तसलंच एखादं. ते म्हणाले, "मागवलं तर येतं की. पन ते दिल्लीचं येतं." मग बराच वेळ त्यांनी बशीतला चहा नुसताच थंड केला.

गेल्या हिवाळ्यात नाणी जमवणाऱ्यांचा एक मेळावा भरला होता, तिथे ते मलाही घेऊन गेले. एक विद्वान गृहस्थ व्यासपीठावरून ठामपणे म्हणाले, की घोडेस्वार-बैलाचं नाणं बीड जिल्ह्यात आजवर कुणाला मिळालेलं नाही आणि मिळण्याची शक्यताही नाही. मी साडूंकडे बघितलं. सगळं आयुष्य ज्यासाठी वणवण केली ते त्यांना सापडलं होतं, पण त्याबद्दल एक शब्द काढला असता तर म्हातारीच्या देवाचं पुन्हा नुसतं नाणंच झालं असतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साडूंनीही वाजवल्या. त्या क्षणी मला या माणसाबद्दल जे वाटलं ते आमच्या नात्यात बोलून दाखवायची पद्धत नाही, म्हणून मी नुसता त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. ते माझ्याकडे झुकले आणि हळूच म्हणाले, "साडूभाऊ, म्हातारी बरी आसंल ना वो?"