पोटातला बेडूक आणि माझे दोन डॉक्टर

मी डॉक्टरांना सांगितलं, की माझ्या पोटात बेडूक बसलाय. पूर्ण शुद्धीत होतो. सकाळचे अकरा वाजले होते आणि पार्टिशनच्या पलीकडे अर्धं मुलुंड नंबर लावून बसलं होतं. आमच्या दवाखान्यातलं पार्टिशन छतापर्यंत पोचत नाही, त्यामुळे कुणाला काय झालंय हे डॉक्टरांच्या बरोबरीने बाकावरच्यांनाही कळतं.

हा बेडूक आला कॅनडाहून. मुलीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी बायको तिकडे गेली, ती सहा महिन्यांसाठी. मीही येतो म्हटलं तर म्हणाली, “तिथे एक बाळंतीण आणि एक बाळ आहे. तुम्हाला कोण सांभाळणार?” रिटायर झालेला माणूस सांभाळायच्या सामानात मोडतो. मी एअरपोर्टवर तिच्या बॅगा ढकलल्या आणि परत येऊन आमच्या दोन खोल्यांमध्ये आलटून पालटून बसायला लागलो. शेजारचे जुने लोक ठाण्याला राहायला गेले. त्यांच्या जागेत आता नोकरीवाली पोरं भाड्याने राहतात. चांगली आहेत, पण कानात सतत काहीतरी घातलेलं. जिन्यात मी “काय रे, जेवलात का?” विचारलं, की एकाची वायर किंवा दुसऱ्याचा कानातला बोळा काढेपर्यंत लिफ्ट निघून जाते.

तिकडे नातवाचं वेगळंच चाललं होतं. वय पाच. आई हॉस्पिटलमध्ये जाणार म्हणून तो घाबरू नये, यासाठी मुलीने त्याला एक कार्टून लावून दिलं. त्यात एक अस्वल डॉक्टर आहे. हे अस्वल सुई टोचत नाही, कडू औषध देत नाही, घड्याळाकडे बघत नाही आणि त्याच्या दारात दुसरा पेशंट कधीच ताटकळत बसलेला नसतो. ते पेशंटच्या पोटाला कान लावतं आणि आत कुठला प्राणी शिरलाय ते सांगतं. खोकल्याला कोंबडा, तापाला मांजर, पोटदुखीला बेडूक. मग तीन प्रश्न विचारतं. काय खाल्लंस? कुठे बसून खाल्लंस? कोणाबरोबर खाल्लंस? मग गाणं म्हणतं, प्राणी टुणकन बाहेर पडतो आणि पेशंट हात हलवत घरी जातो.

आमच्या लहानपणी डॉक्टर म्हणजे बागुलबुवाचा चुलतभाऊ होता. “जेवतोस की डॉक्टरांना बोलवू?” असं आई म्हणाली की वाटीतलं कारलंसुद्धा संपायचं. माझ्या मुलीलाही मी असंच वाढवलं. तिने आपल्या पोराला बागुलबुवाऐवजी अस्वल दिलं. सुधारणाच म्हणायची. फक्त खऱ्या डॉक्टरला दोन्ही वेळा कुणी विचारलं नाही, की बाबा, तुला यातलं काय जमेल?

रविवारी संध्याकाळी आमच्याकडे दिवे लागले, की त्यांच्याकडे सकाळ होते आणि व्हिडिओ कॉल येतो. बायको माझी नाही, घराची चौकशी करते. गॅसचा नॉब नीट बंद करता ना? कुंड्यांना पाणी घालता ना? बाई वेळेवर येते ना? मी सगळ्याला हो म्हणतो, कारण मी सोडून घरातलं सगळं व्यवस्थित आहे. मग बाळ रडतं आणि ती जाते. अशाच एका रविवारी तिने जाताना फोन नातवाच्या हातात दिला.

“आजोबा, तुला काय होतंय?” त्याने विचारलं.

“काही नाही रे. मी मस्त, झकास.”

“मग बाय,” म्हणाला आणि लाल बटणाकडे बोट नेलं.

“अरे थांब, थांब! खोकला आहे!” मी खोकून दाखवलं.

बोट थांबलं. त्याने फोनला कान लावला. मला पडदाभर त्याचा कान दिसत होता, आत थोडा मळ. “कोंबडा आहे,” तो गंभीरपणे म्हणाला. तीन प्रश्न झाले, गाणं झालं, कोंबडा गेला. त्या दहा मिनिटांत माझ्याबद्दल जेवढे प्रश्न विचारले गेले, तेवढे त्या सबंध आठवड्यात कुणी विचारले नव्हते.

तेव्हापासून मी दर रविवारी आजारी पडायला लागलो. तयारी म्हणून ते कार्टून स्वतः बघू लागलो. जेवताना समोर फोन उभा करायचा आणि वरणभात खाता खाता अस्वलाचा दवाखाना बघायचा. बघता बघता एक गोष्ट लक्षात आली. बरा झालेला पेशंट पुन्हा कधीच दिसत नाही. ससा बरा झाला, गेला. कासव बरं झालं, गेलं. अस्वलाला त्यांची आठवणही येत नाही. मी ठरवलं, आपण बरं व्हायचं नाही.

म्हणून पुढच्या रविवारी मी पोटदुखी घेतली आणि गाण्यानंतरही पोट धरून बसलो.

“गेला नाही बेडूक?” नातू गोंधळला. “काय खाल्लंस?”

“वरणभात.”

“कुठे बसून?”

“टेबलाशी.”

“कोणाबरोबर?”

इथे मी काहीही सांगू शकलो असतो. पण तोंडातून “एकटाच” असं निघून गेलं.

“म्हणून,” तो म्हणाला. “बेडूक एकट्याकडेच येतो.”

अस्वलाला जमलं नाही, की ते पेशंटला डोंगरावरच्या हत्ती डॉक्टरकडे पाठवतं. तसं त्याने मला मोठ्या डॉक्टरकडे जायला फर्मावलं. “आणि ते काय बोलले ते मला सांग. खरंखरं.” मी मान डोलावली आणि विसरूनही गेलो असतो, पण गुरुवारी मुलीचा मेसेज आला. ‘बाबा, खरंच पोट दुखतंय का? हा शाळेत टीचरला सांगतोय की आजोबांच्या पोटात फ्रॉग आहे. रात्री उठून विचारतो, गेला का?’ मी लिहिलं, ‘अगं खेळ आहे तो.’ तिने लिहिलं, ‘तुमच्यासाठी.’

एका शब्दाचा मेसेज मी बराच वेळ वाचत बसलो. शुक्रवारी सकाळी घरात कोरडे बाजरीचे खाकरे मोडत बसल्यावर लक्षात आलं, की कालपासून आपला आवाज आपण ऐकलेला नाही. उठलो, इस्त्रीचा शर्ट घातला आणि दवाखान्यात गेलो.

बाकावर शेजारी एक तरुण आई आणि तिची छोटी मुलगी. “डॉक्टरकाका गाणं म्हणतील हं,” आई समजावत होती. अस्वल आमच्या गल्लीतही पोचलं होतं तर! मायलेकी आत गेल्या. गाण्याऐवजी किंकाळी ऐकू आली. बाहेर आली ती मुलगी दंड धरून आईवर ओरडत होती, “गाणं नाही म्हटलं! तू खोटं बोललीस!” बाकावरचे सगळे हसले. मी नाही हसलो. मीसुद्धा साधारण त्याच आशेने आलो होतो.

आमचे जुने डॉक्टर गेले, आता त्यांचा मुलगा बसतो. त्याला मी हाफ पॅन्टमध्ये बघितलंय, त्यामुळे अरे म्हणावं की अहो हे अजून ठरत नाही. मी क्रियापदं गिळतो.

“बोला काका,” तो कागदावर लिहीतच म्हणाला.

“पोट.”

“जळजळ? गॅस? साफ होतं का?” एका दमात विचारून झालं. “काय खाल्लं काल?”

माझा जीव भांड्यात पडला. पहिला प्रश्न बरोबर आला! “वरणभात. टेबलाशी बसून,” मी दुसऱ्याचंही उत्तर देऊन टाकलं आणि तिसऱ्याची वाट बघत बसलो. तो लिहीत राहिला.

“पुढचं विचारायचं राहिलं,” मी म्हणालो.

“पुढचं काय?”

“कोणाबरोबर खाल्लं ते.”

पेन थांबलं नाही. मग मला काय झालं कोण जाणे. मी म्हणालो, “डॉक्टर, माझ्या पोटात बेडूक बसलाय.”

पेन थांबलं. बाकावरची कुजबुजही थांबली. त्याने मला टेबलावर झोपवलं, पोट दाबलं, प्रेशर घेतलं, जीभ बघितली. मग खुर्चीत बसला आणि पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, “काकू कधी येणार?”

“अजून चार महिने.”

“मग चार महिने बसेल तो. गोळी देत नाही.” त्याने लिहिलेला कागद चुरगळून टोपलीत टाकला. “संध्याकाळी गार्डनमध्ये जाऊन बसा. चला, नेक्स्ट!”

बाहेर पडताना कुणीतरी हळूच ‘डराव’ केलं. ओळखीचा आवाज होता, पण वळून बघितलं नाही.

रविवारी फोन आला तेव्हा काय सांगायचं ते माझं ठरलं होतं. बेडूक गेला म्हणायचं. पोराला झोप लागेल, मुलीचा राग जाईल. पण त्याच्यामागे स्वयंपाकघरात बायकोची पाठ दिसत होती. ती बाळंतिणीसाठी कसले तरी लाडू वळत होती.

“मोठे डॉक्टर काय बोलले? खरंखरं सांग.”

“म्हणाले,” मी आवाज जरा चढवला, तिथपर्यंत जावा म्हणून, “आजी घरी आली की बेडूक जाईल.”

नातू फोन टाकून पळाला. मला छताचा पंखा दिसत होता आणि ऐकू येत होतं ते सगळं कॅनडातलं. कपाटाचं दार आपटलं. बॅगेची चाकं फरशीवरून खडखडत आली. “आजी, तू जा! आत्ता जा!” मग मुलीचा आवाज, मग बाळाचं रडणं. शेवटी तुपकट बोटांनी फोन उचलला गेला आणि बायको दिसली. डोळ्यांखाली काळं झालेलं, केस कसेतरी बांधलेले.

“काय सांगितलंत त्याला? माझी बॅग ओढतोय तो.”

“गंमत गं.”

“रात्रभर बाळ घेऊन बसते मी. मला एकटीला वाटत नसेल काही इथे?”

हे मी विचारलं नव्हतं. एकाही रविवारी नाही. आता विचारावं म्हणून तोंड उघडलं, तोवर तिने फोन पुन्हा तसाच ठेवला आणि ती बाळाला घ्यायला गेली. बाळाचं रडणं थांबलं. बराच वेळ फोनमध्ये फक्त पंखा होता. मी फोन ठेवला नाही.

मग नातवाचा चेहरा पंख्याच्या मध्ये आला.

“आजोबा, मी आता तुला बघणार नाही.”

“का रे?”

“मी बाळाचा डॉक्टर झालो. मी पोटाला कान लावला, मग ते गप्प झालं.”

“वा! पण मलापण बघ की अधूनमधून. जुना पेशंट आहे तुझा.”

त्याने खरोखर विचार केला. नाक खाजवलं.

“नको,” तो म्हणाला. “बाळ रडतं आणि बरं होतं. तू रडत पण नाहीस आणि बरा पण होत नाहीस.”