‘पॉश’चं तिकीट

माझ्या मामांना मी चारचौघांत खोटं पाडलं. तेही त्यांच्याच पडवीत, त्यांच्या मुलीच्या लग्नाची बैठक चालू असताना. कारण काय, तर एक इंग्रजी शब्द.

मामा प्रवासी बोटींवर स्टुअर्ड होते. साहेब लोकांच्या केबिनी आवरण्यात त्यांचं तारुण्य गेलं. माझे वडील लवकर गेले, म्हणून मी रत्नागिरीजवळ मिऱ्यावर मामांच्या घरी वाढलो आणि त्यांच्याच पगारावर इंग्रजी घेऊन एम.ए. झालो. ऐंशी सालानंतर रत्नागिरीत कॉलेजात शिकवायला लागलो, तेव्हा मला सगळं येतं असं मला वाटत होतं.

पॉश हॉटेल, पॉश सोफा असं तेव्हा जो तो बोलायचा. मामा आल्यागेल्याला त्या शब्दाची गोष्ट सांगत. विलायतेहून मुंबईला येताना बोटीच्या डाव्या अंगाला, म्हणजे पोर्टला, ऊन कमी. परत जाताना उजव्या अंगाला, म्हणजे स्टारबोर्डला. बडे लोक दोन्ही वेळा सावलीची केबिन घेत. ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ची चार आद्याक्षरं त्यांच्या तिकिटावर मारलेली असत. तोच पॉश.

बैठकीला मुलाकडचे मिरजोळ्याहून आले होते. मुलगा तिथल्या कारखान्यात सुपरवायझर. देण्याघेण्याचं बोलणं सुरळीत झालं आणि मामांनी खुशीत येऊन ही गोष्ट काढली. मुलाचे वडील कान देऊन ऐकत होते.

“मामा, ते तिकीट तुम्ही पाहिलंत?” मी विचारलं.

“पाह्यलं म्हणजे? हातात धरलंय!”

“कुठल्या बोटीवर? कुणाचं होतं?”

आमच्याकडे कोर्टात केस नसली तर माणसं ती पडवीत चालवतात. साक्षीदार अडखळला की बाकीच्यांना चेव येतो. मामा अडखळले. मग मी शांतपणे सांगितलं की असं तिकीट आजवर एकही सापडलेलं नाही. कोशात या शब्दाचं मूळ अनिश्चित दिलंय. कोणी म्हणतं, जुन्या बोलीत ऐटबाज माणसाला पॉश म्हणत. कोणी म्हणतं, जिप्सींच्या भाषेत त्याचा अर्थ अर्धा. त्यावरून अर्ध्या पेनीचं नाणं, आणि मग पैसा.

“म्हणजे व्याही, तुमचा प्रवास विनातिकीटच!” मुलाचे वडील म्हणाले आणि पडवी हसली. मामाही हसले. “असेल बाबा. तू शिकलेला,” म्हणत चहाचं बघायला आत गेले. ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

लग्न ठरलं, झालंही. पण ती थट्टा माझ्या मामेबहिणीच्या मागोमाग तिच्या सासरी गेली. एकदा बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, “दादा, घरात मी आता काही सांगतच नाही. मीठ संपलं म्हटलं तरी मामंजी विचारतात, तिकीट आहे का?” सांगताना हसत होती, पण माझ्याकडे बघत नव्हती.

मामा मिरजोळ्याला जाईनासे झाले. बांगडे असोत नाहीतर फणसाचे गरे, मामीच्या हाती पाठवायचे. म्हणायचे, गुडघा धरतो. पण बंदरावर रोज चालत जात होते. बोटीवरची एकही गोष्ट त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकली नाही.

एका संध्याकाळी मी धीर करून विचारलं, “मामा, ते तिकीट खरंच पाहिलं होतंत?”

“नाही रे. वरच्या स्टुअर्डनं सांगितलेलं. ऐकलंय म्हटलं की माणसं उठून जातात, पाह्यलंय म्हटलं की बसतात.” मग म्हणाले, “तुला हे कधीपासून ठाऊक होतं?”

“एम.ए.ला असल्यापासून.”

“मग कधीतरी घरात, आपण दोघंच असताना का नाही सांगितलंस?”

उत्तर होतं माझ्याकडे, पण मामांना सांगण्यासारखं नव्हतं. दोघंच असताना सांगून मला काय मिळणार होतं? नव्या पाहुण्यांना दिसायला हवं होतं की या घरातला हुशार माणूस मी आहे.

बहीण बाळंतपणाला माहेरी आली. बारशाला मिरजोळ्याची मंडळी त्याच पडवीत बसली. मामा खांबापाशी, कुणी विचारलं तर तेवढंच बोलत. बहिणीनं काहीतरी सांगितलं आणि तिचे सासरे लगेच म्हणाले, “तिकीट?” हसू पसरायच्या आत मी उठून उभा राहिलो.

“काका, ही थट्टा माझ्यामुळे सुरू झाली. त्या शब्दाचं मूळ कुणालाच नक्की ठाऊक नाही, मलाही नाही. गोष्ट सांगताना थोडं आपल्या पदरचं घालतो ते आपण सगळेच. मामांनी कुणाला फसवलं नव्हतं. मी मात्र तुमच्यासमोर मोठं दिसायला, ज्यांनी मला शिकवलं त्यांनाच खाली बघायला लावलं. माझ्या या बहिणीला सासरी ऐकून घ्यावं लागलं, तेही माझ्यामुळे.”

मग मामांकडे वळून वाकलो आणि त्यांच्या पायांना हात लावून म्हणालो, “मामा, चुकलो मी. मला माफ करा.”