हेरिंगचा धडा

माझी नणंद जाळी दुरुस्त करते. बंदराच्या शेडमध्ये फाटकं जाळं गुडघ्यांवर घेऊन बसली, की तिचा हात नुसता बघत राहावा. जीभ मात्र फटकळ, आणि तेच मला आवडतं. चाळिशी उलटली तरी ती वडिलांच्याच घरी आहे, कारण सासरेबुवांना सांभाळायला कुणीतरी हवं. माझा नवरा त्यांचा मुलगा खरा, पण तो कधीच हात झटकून मोकळा झालाय. आम्ही दोन गल्ल्या सोडून राहतो.

सासरेबुवा बंदरावरच्या शाळेत मास्तर होते. आता त्यांना सकाळचं संध्याकाळी आठवत नाही. एक धडा तेवढा शाबूत आहे. संध्याकाळी ताट समोर आलं की खुर्चीत ताठ बसून ते लेकीला विचारतात, हेरिंग माशाला हेरिंग का म्हणतात? तिने सांगायचं, कुणी म्हणतं परक्या मुलखातल्या एका जुन्या शब्दावरून, ज्याचा अर्थ फौज. कारण हा मासा फौजेसारखा झुंडीने येतो. कुणी म्हणतं करड्या रंगावरून. खरं काय ते कुणालाच नक्की ठाऊक नाही. मग दुसरा प्रश्न, तो जाळ्यात अडकतो कसा? डोकं भोकातून आत जातं, अंग जात नाही, आणि मागे सरकावं तर कल्ल्यांत दोरा रुततो. एवढं झालं की ते जेवतात. नाही झालं तर घासाला शिवत नाहीत.

यंदा पलीकडच्या बंदरात नवी शेड निघाली आणि तिथली मुख्य म्हणून नणंदेला बोलावणं आलं. राहायला खोलीसुद्धा. तिच्यापेक्षा मलाच जास्त आनंद झाला. पण बाबांना सांगितल्याशिवाय जाणार नाही, हा तिचा हट्ट. ती रोज सकाळी सांगायची, ते रोज खुशीने जा म्हणायचे, आणि संध्याकाळी पाटी पुन्हा कोरी.

शेवटी मीच म्हटलं, धडा मी पाठ करते, तू बॅग भर. शाळेत असताना कधी केला नाही इतका अभ्यास केला. त्या संध्याकाळी ती बॅग घेऊन दाराआड उभी राहिली आणि मी त्यांच्यासमोर बसले. फौज सांगितली, करडा रंग सांगितला, कल्ल्यांपर्यंत कुठेही अडखळले नाही. सासरेबुवांनी मान डोलावली. मला वाटलं, सुटली बिचारी.

"शाबास," ते म्हणाले. "आता माझ्या मुलीला बोलाव. तिचं ऐकायचं राहिलंय."

ती बाहेर गेलीय, असं मी ठोकून दिलं.

"येईल की. मी थांबतो." आणि त्यांनी ताट हळूच बाजूला सरकवलं.

मला त्यांचा राग आला, माझ्या नवऱ्याचा त्याहून जास्त. दाराआड बॅग जमिनीला टेकल्याचा आवाज झाला. नणंद आत येऊन त्यांच्या पायाशी बसली.

"फौजेवरून, बाबा," ती म्हणाली.

त्यांनी ताट पुढे ओढलं.